इक्थिओसॉर आणि डॉल्फिन

* लेखकाने इक्थिओसॉरला डॉल्फिनचा पूर्वज म्हटले आहे, ते बरोबर नाही. चित्रे पाहून कुणीही फसेल म्हणा! लांब जबडा, निमुळते अंग, वल्ह्यासारखे पुढचे पाय. शिवाय दोघेही हवेत श्वास घेणारे आणि अंडी न घालता पिल्लांना जन्म देणारे. तरी पहिला सरपटणाऱ्यांच्या वर्गातला, दुसरा सस्तन. खूण शेपटीत सापडते. इक्थिओसॉरची शेपटी माशासारखी उभी, डावी-उजवीकडे हलणारी. डॉल्फिनची आडवी, वर-खाली चालणारी, कारण सस्तन प्राण्यांचा कणा धावतानाही तसाच वाकतो. काळही जुळत नाही: कच्छमधील लोडाई गावाजवळचा, २०१७ मध्ये जाहीर झालेला सुमारे साडेपाच मीटरचा इक्थिओसॉरचा सांगाडा ज्युरासिक काळातला आहे. डॉल्फिन त्यानंतर दहा कोटींहून अधिक वर्षांनी आले. — संपादक