मनोऱ्याचा शब्द

विमानाशीं जमिनीवरून बोलतां येतें, ही गोष्ट आज इतकी स्वाभाविक वाटते कीं, तिच्यावांचूनहि विमानें उडत होतीं याचा विसर पडतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हां त्यांच्या विमानांत बिनतारी यंत्र नव्हतें. वाट चुकली असती तर विचारावयाचें कोणाला?

पुढें मनोरे उभे राहिले, आणि नियंत्रक व वैमानिक यांचें संभाषण ठराविक लहरींवर होऊं लागलें. या व्यवस्थेंत एक चमत्कारिक गोष्ट आहे. घरच्या रेडिओवर एफ. एम. पद्धति आली, परंतु विमानांनीं जुनी ए. एम. पद्धति सोडली नाहीं. हें केवळ जुन्याचें प्रेम नव्हे. एफ. एम.वर दोघे एकदम बोलले तर बलवान् ध्वनि दुर्बळाला गिळून टाकतो व दुसरा कोणी बोलत होता याचा पत्ताहि लागत नाहीं, ए. एम.वर निदान शीळ तरी ऐकूं येते. मात्र ती शीळ पुरेशी ठरतेच असें नाहीं. २७ मार्च १९७७ रोजीं तेनेरीफ बेटावर दाट धुक्यांत दोन जंबो विमानें धावपट्टीवर आदळून ५८३ माणसें प्राणांस मुकलीं. मनोऱ्यानें डच वैमानिकाला थांबावयास सांगितलें, आणि त्याच क्षणीं दुसऱ्या विमानानें आपण अद्याप धावपट्टीवर असल्याचें कळविलें. दोन्ही निरोप एकमेकांत मिसळले आणि डच वैमानिकाच्या कानीं आली ती शीळ.

आतां हें संभाषण अंकीय होऊं लागलें आहे. अरबी समुद्रावरील विमानांशीं मुंबईचे नियंत्रक उपग्रहाच्या द्वारें लेखी निरोपांनीं बोलूं शकतात. पूर्वीं दूरच्या लहरींवरील खरखरींतून एकेक शब्द वेंचावा लागे. लेखी निरोप दुसऱ्यावर आदळत नाहीं, उच्चारांचा घोटाळा होत नाहीं, आणि तो पुन्हा वाचतां येतो. तथापि त्याच्या जाण्यायेण्यांत वेळ मोडतो, म्हणून धावपट्टीजवळ आवाजाचेंच राज्य आहे. शिवाय एकाला दिलेली आज्ञा इतर वैमानिकांच्याहि कानीं पडते, हा आवाजाचा मोठा लाभ लेखी निरोपांत हरवतो.

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाची कहाणी याहून निराळी आहे. शहराचें नांव औरंगाबाद होतें तेव्हांची, २६ एप्रिल १९९३ ची ही गोष्ट. इंडियन एअरलाइन्सचें बोइंग ७३७ विमान ११८ जणांना घेऊन मुंबईस निघालें. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीडचा रस्ता जात होता, आणि त्या रस्त्यानें कापसाच्या गाठींनीं भरलेली एक लॉरी चालली होती. विमानाचें डावें चाक व इंजिनाचा खालचा भाग तिला लागला. पुढें कांहीं अंतरावर विमान विजेच्या तारांना धडकून कोसळलें. ५५ जण दगावले. चौकशींत दोन कारणें निघालीं: वैमानिकांनीं विमानाचें नाक उशिरा व चुकीच्या रीतीनें उचललें, आणि राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणानें उड्डाणाच्या वेळेंत बीड रस्त्यावरील वाहतूक आवरली नाहीं.

पहिला दोष वैमानिकांच्या कौशल्याचा. दुसरा मात्र निरोपाचा म्हटला पाहिजे. लॉरीवाल्याजवळ ना लहर होती, ना मनोऱ्याची भाषा. रेल्वेच्या फाटकवाल्याला गाडी सुटल्याची वर्दी टेलिफोनानें देण्याची वहिवाट त्यापूर्वीं कित्येक दशकें चालत आलेली होती.