चिकित्सक-वैज्ञानिकांचे शिक्षण

रुग्णांची प्रत्यक्ष चिकित्सा करणारा आणि त्याचबरोबर रोगाच्या कारणांचा प्रयोगशाळेत शोध घेणारा जो वैद्य, त्यास चिकित्सक-वैज्ञानिक म्हणतात. रुग्णशय्येपाशी उद्भवलेला प्रश्न प्रयोगशाळेत न्यावयाचा व तेथे मिळालेले उत्तर पुन्हा रुग्णशय्येपाशी पडताळून पाहावयाचे, असे हे दुहेरी कार्य आहे. असे वैद्य हेतुपुरस्सर घडविता येतील, ही कल्पना प्रथम जर्मन विद्यापीठांत रुजली. तिला शिक्षणक्रमाचे रूप मात्र अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्राप्त झाले.

लाइपसिक येथील कार्ल लूटव्हिख यांच्या शारीरक्रियाविज्ञान संस्थेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक देशांतील तरुण वैद्य शिकावयास जात. विल्यम वेल्च हे त्यांपैकीच एक. बॉल्टिमोर येथे १८९३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स वैद्यक विद्यालय सुरू झाले, तेव्हा त्यांनी जर्मन प्रयोगशाळेची शिस्त तेथे आणली. पदवीधरांनाच प्रवेश, प्रयोगशाळेत स्वतः काम आणि विल्यम ऑस्लर यांच्या हाताखाली रुग्णकक्षात शिक्षण, ही या विद्यालयाची वैशिष्ट्ये होत. त्या काळी तेथील कित्येक वैद्यक विद्यालये मालकांच्या नफ्यासाठी चालत. अब्राहम फ्लेक्सनर यांनी संयुक्त संस्थाने व कॅनडा येथील १५५ विद्यालयांची पाहणी करून १९१० मध्ये अहवाल प्रसिद्ध केला व त्यात हॉपकिन्सचा आदर्श पुढे ठेवला. त्यानंतर अनेक निकृष्ट विद्यालये बंद पडली. मात्र या सुधारणेची किंमतही मोठी होती : कृष्णवर्णीयांच्या सात विद्यालयांपैकी पुढे दोनच टिकली, याचा उल्लेख या अहवालाची स्तुती करताना बहुधा राहून जातो.

१९१० मध्येच न्यूयॉर्क येथे रॉकफेलर संस्थेचे रुग्णालय उघडले. त्याचे पहिले संचालक रूफस कोल यांनी घातलेला दंडक त्या काळी धाडसाचा होता. रुग्णालयातील वैद्यांनी प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांचे केवळ साहाय्यक म्हणून वावरू नये; त्यांनी स्वतःच संशोधन करावे, असा त्यांचा आग्रह होता. मोजकेच रोग अभ्यासासाठी निवडण्यात आले. त्यांपैकी न्यूमोनियाचा इतिहास उद्‌बोधक आहे. घोड्याच्या रक्तापासून तयार केलेली रक्तलस जंतूच्या एका प्रकारावर गुणकारी ठरे, तर दुसऱ्यावर निरुपयोगी. म्हणजे रोग्याला वाचवावयाचे, तर जंतूचा प्रकार ओळखणे भाग होते. या व्यावहारिक अडचणीतून ऑस्वल्ड एव्हरी हे जंतूच्या बाह्य आवरणाच्या रसायनाकडे वळले. जंतूचा एक प्रकार दुसऱ्यात पालटू शकतो, हे लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी १९२८ मध्ये दाखविले होते. ज्या द्रव्यामुळे हा पालट होतो, ते डीएनए होय, हे एव्हरी, मक्लाउड व मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये सिद्ध केले. तिघेही वैद्यकाचे पदवीधर होते. आधुनिक आनुवंशिकीचा हा पाया न्यूमोनियाच्या रुग्णकक्षातून घातला गेला.

दुसऱ्या महायुद्धानंतर या शिक्षणाचा भार शासनाने उचलला. बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थांचे संशोधन-रुग्णालय १९५३ मध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षी तरुण वैद्यांसाठी प्रशिक्षणाची योजनाही आखली गेली. त्या वेळी वैद्यांना सक्तीची लष्करी सेवा लागू होती. सार्वजनिक आरोग्य सेवेतील दोन वर्षे तिच्याऐवजी धरली जात. साहजिकच व्हिएटनाम युद्धाच्या काळात बेथेस्डाच्या मोजक्या जागांसाठी देशातील निवडक वैद्यांची झुंबड उडाली. १९६८ च्या सुमारास तेथे आलेल्यांपैकी मायकेल ब्राउन, जोसेफ गोल्डस्टीन, हॅरल्ड व्हार्मस व रॉबर्ट लेफ्कोविट्झ या चौघांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. चिकित्सक-वैज्ञानिकांचे हे सुवर्णयुग दूरदर्शी शैक्षणिक धोरणाइतकेच सक्तीच्या सैन्यभरतीचे अपत्य होते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. १९७३ मध्ये सक्तीची भरती संपली आणि हा ओघ आटू लागला.

याला समांतर असा दुसरा मार्ग विद्यापीठांनी चोखाळला होता. वैद्यकाची पदवी व विज्ञानातील डॉक्टरेट यांचा संयुक्त शिक्षणक्रम केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने १९५६ मध्ये सुरू केला. १९६४ पासून शासन अशा शिक्षणक्रमांना अनुदान देऊ लागले. यास सुमारे आठ वर्षे लागतात व विद्यार्थ्यास शुल्कमाफी आणि निर्वाहवेतन मिळते. तरीही जेम्स विन्गार्डन यांनी १९७९ मध्ये या वर्गाची गणना नामशेष होऊ घातलेल्या प्राणिजातींत केली. गोल्डस्टीन यांनी १९८६ मध्ये त्याचे निदान उपरोधाने एका रोगाच्या स्वरूपात मांडले : मूलभूत विज्ञानाचे पुरेसे शिक्षण नसलेला तरुण वैद्य आरंभी चमकतो आणि काही वर्षांतच त्याचे संशोधन लुळे पडते. स्वतः गोल्डस्टीन व ब्राउन यांच्याजवळ डॉक्टरेट नव्हती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. त्यांना मिळाली ती निर्वेध वर्षे व कसलेले मार्गदर्शक. दुसरी पदवी हे ती मिळविण्याचे केवळ एक साधन आहे. शिक्षणाचे वाढते कर्ज, लांबलेले विशेष प्रशिक्षण आणि रुग्णसेवेतून उत्पन्न आणण्याचा रुग्णालयांचा तगादा यांमुळे ती वर्षे दुर्मिळ झाली. संशोधन हेच मुख्य कार्य असणाऱ्या अमेरिकन वैद्यांचे प्रमाण २०१४ च्या सुमारास अवघे दीड टक्का होते.

भारतात अशा शिक्षणाचा अभाव असतानाही व्यक्तिगत कर्तृत्वाची उदाहरणे आढळतात. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील परिणाम रुग्णांवर तपासला व १९४९ मध्ये ब्रिटनमधील हृद्‌रोगविषयक नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. वैदूंना व वैद्यांना ही वनस्पती पूर्वीपासून परिचित होती. वकिलांनी तिला आकडेवारीची कसोटी लावली. तिच्यातील रिसर्पीन हे द्रव्य मात्र १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील औषधनिर्मात्यांच्या प्रयोगशाळेत वेगळे काढण्यात आले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७९ मध्ये वैद्यक विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची संशोधन-छात्रवृत्ती सुरू केली. त्यामुळे पदवीपूर्व विद्यार्थ्याला शिक्षकाच्या देखरेखीखाली स्वतःचा एखादा लहानसा प्रश्न हाती घेऊन त्यावर अहवाल लिहिण्याची संधी प्रथमच देशव्यापी प्रमाणावर मिळाली.