खर्चाची वही आणि ख्रिस्ती औदार्य

ख्रिस्ती शिकवणुकीनुसार मनुष्य आपल्या संपत्तीचा मालक नसून कारभारी आहे. म्हणून दान किती दिले एवढ्यावर त्याचा हिशेब संपत नाही. उरलेला पैसा कसा खर्च केला, हेही त्यात येते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ सालच्या ‘कारितास इन वेरिताते’ या विश्वपत्रात, खरेदी ही केवळ आर्थिक नव्हे तर नैतिक कृतीही असते, असे प्रतिपादन केले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’मध्ये त्याचा पुनरुच्चार केला.

संत मार्कलिखित शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायातील विधवेने दानपेटीत दोन छोटी नाणी टाकली. धनवानांनी विपुलतेतून दिले, तिने उपजीविकेतून दिले. प्रभू येशूने दानाचे मोल रकमेवरून ठरविले नाही; देणाऱ्यापाशी काय उरले, हे त्याने पाहिले.

सातारा आणि सांगली हे जिल्हे पुणे धर्मप्रांतात मोडतात. या मातीलाही असे दान परिचित आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत व जेवत. त्यांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही दिले. गावोगावच्या गृहिणींनी रोज मूठभर धान्य बाजूला काढून ‘मुष्टिफंड’ भरला. पाटील कुटुंब जैन होते. तरीही त्या विधवेशी लक्ष्मीबाईंचे नाते सहज ओळखू येते.

मात्र दानालाही क्रम आहे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली स्पष्ट केले, की न्यायाने जे देणे लागते ते दान म्हणून देऊ नये. मोलकरणीचा पगार किंवा शेतमजुराची मजुरी थकवून वेदीपुढे मोठी देणगी ठेवणे हे औदार्य नव्हे.

आपल्या जिल्ह्यांत कृष्णाकाठच्या उसाच्या मळ्यांपासून माण, आटपाडी, जत हे दुष्काळी तालुके फार दूर नाहीत. लग्नातील मानपान, सोने किंवा नाताळची खरेदी यांचा बेत करताना प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी विचाराव्यात : कोणाची मजुरी राहिली आहे काय? या खर्चासाठी कर्ज काढावे लागेल काय? आणि शेजाऱ्यासाठी आपण कोणती मूठ बाजूला काढली आहे?