चिकणमातीचा थर आणि रोधकता
* तेलविहिरीतल्या मोजणीवरून काढलेला ‘विद्युत रोधकता कमी, म्हणून थर पाण्याचा’ हा निष्कर्ष स्वच्छ वालुकाश्मापुरताच खरा. रोधकतेवरून थरातल्या पाण्याचे प्रमाण काढणाऱ्या आर्ची यांच्या १९४२च्या सूत्रात वीज फक्त छिद्रांतल्या खाऱ्या पाण्यातून वाहते, असे गृहीत आहे. चिकणमाती हे गृहीतकच मोडते. तिच्या ऋणभारित कणांना धरून असलेले सोडियमसारखे आयनही वीज वाहतात; त्यामुळे थरात तेल असूनही रोधकता उतरते आणि सूत्र पाणी प्रत्यक्षाहून जास्त दाखवते. चांगले तेलथर असेच नजरेतून सुटतात. वॅक्समन आणि स्मिट्स यांनी १९६८मध्ये या आयनांचा हिशेब सूत्रात आणला. मात्र त्यासाठी खडकाचा नमुना प्रयोगशाळेत तपासावा लागतो. चिकणमातीचे प्रमाण केवळ गॅमा-आलेखावरून (खडकाच्या नैसर्गिक किरणोत्साराच्या नोंदीवरून) ठरवणे धोक्याचे, कारण पोटॅशियमयुक्त फेल्डस्पारची वाळूही त्यात चिकणमातीसारखीच दिसते. — संपादक