कार्यानुभव : मराठवाड्यातील विद्यापीठीय विद्यार्थी आणि त्याचे श्रम

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० यास अनुसरून महाराष्ट्रातील विद्यापीठांनी इ. स. २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गाच्या पहिल्या वर्षात प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणास चार श्रेयांक दिले. विद्यार्थ्याने वर्गाबाहेर काम करावे, त्या कामाची नोंद व्हावी आणि पुढील उपजीविकेस ते उपयोगी पडावे, असा या योजनेचा हेतू आहे. हेतू स्तुत्य आहे यात शंका नाही. परंतु तो नवा आहे असे समजणे इतिहासाला धरून होणार नाही. गेली शंभर वर्षे मराठी विद्यार्थी शिकत असता कामही करीत आला आहे. त्या कामांपैकी कोणते ‘अनुभव’ म्हणून मान्य झाले आणि कोणते केवळ ‘मजुरी’ म्हणून उपेक्षिले गेले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. प्रस्तुत लेखात तो मराठवाड्याच्या, विशेषतः शिरड शहापूरसारख्या गावाच्या दृष्टीने विचारण्याचा हेतू आहे.

शिरड शहापूर हे हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील गाव. भगवान मल्लिनाथांच्या दिगंबर जैन क्षेत्रामुळे त्याचे नाव दूरवर परिचित आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. तत्पूर्वीचा या भागाचा शैक्षणिक इतिहास हा परभणी जिल्ह्याचा व त्याही आधी निजामी राज्याचा इतिहास होय. वसमत-औंढा हा पट्टा हळदीचा. पावसाळ्याच्या तोंडावर बेणे लावावयाचे, हिवाळा सरता सरता गड्डे काढावयाचे, नंतर हळद शिजवावयाची, वाळवावयाची, तिला पॉलिश करावयाचे आणि हळकुंडे वसमतच्या किंवा हिंगोलीच्या बाजारात न्यावयाची, असा हा व्यवसाय आहे. हळद काढण्याचा व शिजवण्याचा हंगाम आणि विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षांच्या तयारीचा काळ हे बहुधा एकच असतात, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. पुढील विवेचनाशी तिचा निकट संबंध आहे.

निजामी राजवटीत या भागातील मराठी मुलास उच्च शिक्षणाचा मार्ग अत्यंत अरुंद होता. इ. स. १९१८ च्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग खरा. परंतु ती भाषा उर्दू होती, आणि मराठी, तेलुगू व कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेस ती परकीच होती. इ. स. १९२३ मध्ये औरंगाबादेस सरकारी इंटरमीजिएट कॉलेज निघाले. पदवीसाठी हैदराबादची वाट धरावी लागे आणि पदवीनंतरची वाट प्रामुख्याने सरकारी कचेरीकडे जाई. उच्च शिक्षण म्हणजे नोकरीसाठी लागणारी भाषा हस्तगत करणे, अशी शिक्षणाची कल्पना त्या व्यवस्थेने रूढ केली. त्यात शेतातील किंवा कारागिराच्या कामास स्थान असणे शक्यच नव्हते.

याच काळात पश्चिम महाराष्ट्रात वेगळा प्रयोग आकार घेत होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत, स्वयंपाक करीत, शेतात राबत आणि शिकत. इ. स. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल व जून १९४७ मध्ये साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. ‘कमवा व शिका’ हे तत्त्व महाविद्यालयापर्यंत पोहोचले ते येथे. भाऊरावांच्या योजनेचे मर्म केवळ फी भागविण्यात नव्हते. घाम गाळून मिळविलेल्या शिक्षणात मिंधेपणा नसतो, आणि एका चुलीवर शिजविणाऱ्या व एका बांधावर राबणाऱ्या मुलांत जातिभेद टिकणे कठीण होते, ही त्यामागील दृष्टी होती. माधुकरी मागून अथवा वार लावून जेवणाऱ्या जुन्या विद्यार्थिवर्गाशी तुलना केली असता हा फरक लक्षात येतो. माधुकरी व वार ही सोय प्रायः एका जातीपुरती होती आणि दात्याच्या मर्जीवर अवलंबून होती. बोर्डिंगातील अन्न मुलाच्या स्वतःच्या हाताचे होते.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती गुंफलेल्या नव्या शिक्षणाची कल्पना मांडली. भाऊराव आणि वर्धा यांना आपण बहुधा एकाच दमात स्मरतो. परंतु दोहोंत भेद आहे. साताऱ्यात श्रम हे शिक्षणाचे साधन होते, वर्ध्यास श्रम हेच शिक्षणाचे माध्यम होते. पहिल्यात मुलगा नांगर धरून इतिहास शिकण्याचा हक्क मिळवी. दुसऱ्यात चरख्यावरूनच गणित व भूगोल शिकावा अशी अपेक्षा होती. पुढील काळातील अनेक योजनांनी या दोन कल्पनांची सरमिसळ केली.

या दोहोंवर एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि मराठवाड्याच्या संदर्भात तो टाळता येत नाही. ज्यांच्या वाट्यास कष्ट जन्मानेच आले होते, त्यांना श्रमाचे महत्त्व शाळेने का शिकवावे? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद येथे महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू झालेली होती. वसतिगृह आणि शिष्यवृत्ती यांच्या आधारे खेड्यातील दलित मुलगा काही वर्षे तरी बलुत्याच्या आणि वेठीच्या कामातून सुटला. त्याच्या दृष्टीने वाचनासाठी मोकळा मिळालेला वेळ हीच क्रांती होती. म्हणून ‘श्रम’ हा शब्द सर्वांस सारखाच उन्नत करतो असे गृहीत धरणे धाडसाचे ठरेल. श्रम स्वेच्छेचे की सक्तीचे, त्याचे मोल कोण ठरवितो व त्याची नोंद कोण ठेवतो, यावर त्याचे शैक्षणिक मूल्य अवलंबून असते.

मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाली. त्यानंतर सहा वर्षांनी, जुलै १९६४ मध्ये, डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाचे संस्थापक जे. पी. नाईक हे त्याचे सदस्य-सचिव होते. जून १९६६ मध्ये सादर झालेल्या अहवालाने ‘कार्यानुभव’ ही संज्ञा भारतीय शिक्षणविचारात प्रतिष्ठित केली. या संज्ञेची आयोगाने केलेली व्याप्ती पुनःपुन्हा वाचण्याजोगी आहे. शाळा, कर्मशाळा व कारखाना यांच्या बरोबरीने घर आणि शेत येथील उत्पादक कामही आयोगाने कार्यानुभवात समाविष्ट केले होते. हा अनुभव भूतकाळाकडे नव्हे, तर बदलत्या तंत्राकडे पाहणारा असावा असेही आयोगाचे म्हणणे होते. या व्याख्येनुसार शिरड शहापूरच्या शेतात हळद शिजविणारा विद्यार्थी निःसंशय कार्यानुभव घेत होता.

व्यवहारात मात्र ही व्याप्ती लवकरच संकोचली. शाळांतून कार्यानुभव म्हणजे आठवड्यातील एक-दोन तासिका आणि वर्षाखेरीस मांडावयाच्या वस्तू, असे स्वरूप त्यास आले. विद्यापीठांच्या पातळीवर २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह सुरू झाली. तिने विद्यार्थ्यांस खेड्यात नेले. पण सेवेच्या भावनेने, व्यवसायाच्या तयारीसाठी नव्हे. दुसऱ्या बाजूस १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा होता. त्याचा लाभ प्रथम कारखान्यांतील कारागिरीच्या व्यवसायांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्यात आले. इतर शाखांच्या पदवीधरांस २०१४ च्या दुरुस्तीपर्यंत वाट पाहावी लागली. म्हणजे कला किंवा वाणिज्य शाखेचा पदवीधर अर्धशतकाहून अधिक काळ या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला. ग्रामीण महाविद्यालयांतून प्रामुख्याने याच शाखा होत्या, हे विसरता कामा नये.

शिवाय कायदा असला तरी कारखाना हवा. मराठवाड्यात तो विरळ होता. इ. स. १९७४ मध्ये मराठवाड्यातील विद्यार्थ्यांनी विकासासाठी जे आंदोलन उभारले, त्यात नोकऱ्या, उद्योग, सिंचन व रुंदमापी रेल्वे या मागण्या एकत्र गुंफल्या गेल्या होत्या. संधी ही भूगोलावर अवलंबून आहे, हे त्या तरुणांनी ओळखले होते. प्रादेशिक असमतोलाचा हाच प्रश्न पुढे १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालात अनुशेषाच्या आकड्यांतून मांडला गेला.

विद्यापीठीय कार्यानुभवाचा खरा पद्धतशीर प्रयोग मराठवाड्यात झाला तो कृषिशिक्षणात. परभणी येथे १९५६ मध्ये कृषी महाविद्यालय व १८ मे १९७२ रोजी कृषी विद्यापीठ स्थापन झाले. १९९२ च्या रंधवा समितीच्या शिफारशींनंतर देशातील कृषी विद्यापीठांत ‘ग्रामीण कृषी कार्यानुभव’ हा अभ्यासक्रमाचा भाग बनला. अंतिम वर्षाचे विद्यार्थी गावात येतात, शेतकऱ्यासोबत काम करतात, माती परीक्षण, बीजप्रक्रिया इत्यादींची प्रात्यक्षिके दाखवितात आणि त्याची दैनंदिनी ठेवतात. ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ ही नावे आता मराठी खेड्यांच्या परिचयाची झाली आहेत. काम, निरीक्षण, मार्गदर्शक, नोंद आणि मूल्यमापन ही पाचही अंगे येथे एकत्र येतात. म्हणून हा प्रयोग अन्य विद्याशाखांनी अभ्यासावा अशा योग्यतेचा आहे.

परंतु याच प्रयोगाने एक विसंगतीही उघड केली. कृषिदूत गावात काही महिने राहतो आणि त्याचे काम श्रेयांकांत मोजले जाते. त्याच गावातील, तालुक्याच्या महाविद्यालयात इतिहास वा अर्थशास्त्र शिकणारा विद्यार्थी लहानपणापासून तेच शेत कसतो. हंगामात त्याची वर्गातील हजेरी घटते आणि त्याची नोंद ‘अनुपस्थित’ अशी होते. एकाच बांधावरील दोन तरुणांपैकी एकाचे काम शिक्षण ठरते, तर दुसऱ्याचे शिक्षणातील अडथळा. भेद श्रमात नाही. भेद नोंदीत आहे.

ही गोष्ट आज अधिकच निकडीची झाली आहे. प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण आवश्यक झाल्यावर ग्रामीण महाविद्यालयापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो ठिकाणाचा. शहरातील विद्यार्थ्यास कंपन्या, वृत्तपत्रे, संग्रहालये उपलब्ध असतात. खेड्यातील विद्यार्थ्यास बहुधा एखादे दुकान आणि त्या दुकानदाराचे प्रमाणपत्र. राज्यशासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णास दरमहा ६,००० रुपये, आयटीआय व पदविकाधारकास ८,००० रुपये आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन, तेही प्रारंभी सहा महिन्यांसाठी, ठरविण्यात आले. विद्यावेतनाने तात्पुरता आधार मिळतो. परंतु मुदत सरल्यावर हाती काय उरते, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

वस्तुतः शिरड शहापूरच्या परिसरात कार्यानुभवाची क्षेत्रे नाहीत असे नाही. वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. औंढा तालुक्यात गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये खर्चाची मान्यता दिली. हळदीच्या बाजारभावांचा संग्रह करणे, शिजवणीच्या जुन्या व नव्या पद्धतींची नोंद घेणे, मल्लिनाथ क्षेत्र व औंढ्याचे देवालय येथील वास्तू आणि लेख यांची सूची करणे, वेधशाळेसाठी बदलणाऱ्या गावांचा सामाजिक वृत्तांत लिहिणे : ही सर्व कामे अर्थशास्त्र, इतिहास व समाजशास्त्र यांच्या विद्यार्थ्यांनीच करावयाची आहेत. त्यांतून पुढे सहकारी संस्था, बाजार समित्या, अभिलेखागारे, पत्रकारिता व अध्यापन या क्षेत्रांत प्रवेश करण्यास उपयोगी असे खरे कसब हाती येईल.

त्यासाठी विभागांनी दोन गोष्टी कराव्यात. विद्यार्थी आधीच जे काम करतो त्याची, दैनंदिनी व मार्गदर्शक यांच्या साहाय्याने, शैक्षणिक नोंद होऊ शकेल असा नियम करावा. आणि हंगामाचे वेळापत्रक परीक्षेच्या वेळापत्रकाशी ताडून पाहावे. यावर, घरच्या कामास श्रेयांक दिल्यास शिक्षणाची पातळी खालावेल, असे कोणी म्हणेल. ती भीती अगदीच निराधार नाही. नोंद ढिली झाली तर तसे होईलच. शिवाय ज्याच्यावर घरचे काम लादले गेले आहे, त्यास त्या कामातून सुटण्याची मुभाही हवी. मिलिंद महाविद्यालयाच्या इतिहासाचा हाच धडा आहे. तथापि प्रश्न काम केले की नाही एवढाच नसून त्या कामाविषयी विद्यार्थी काय विचारू शकला, काय मोजू शकला आणि काय लिहू शकला, हा आहे. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शेत आणि घर यांना कार्यानुभवात दिलेले स्थान अद्याप कोणी रद्द केलेले नाही. ते केवळ अमलात यावयाचे राहिले आहे.