प्लेगची गाडी

माझी आजी आगगाडीत बसली की प्रथम आपली माणसे मोजी. आम्ही तिघे असलो काय नि तेरा असलो काय, गाडी हलण्यापूर्वी बोटांच्या पेरांवर मोजणी व्हायचीच. वाटेत कोणत्याही स्टेशनावर गाडी जरा रेंगाळली की ती पुन्हा मोजी, आणि कुणी पाणी भरायला खाली उतरू म्हणाले तर ती त्याचा सदरा धरून ठेवी. आम्हां पोरांना याचे फार हसू येई. घरी पोचल्यावर प्रवासातले सगळे कपडे न्हाणीघराबाहेर काढायचे, आंघोळ करायची आणि मगच घरात पाऊल टाकायचे, हा तिचा दुसरा दंडक. हे सोवळे-ओवळे असावे असे मी कित्येक वर्षे धरून चाललो होतो. ते सोवळे नव्हते, ते १८९७ साल होते.

दिवाळीच्या अंकात रोगराईचा विषय काढावा हे कुणाला रुचणार नाही. पण फराळाचे ताट पुढ्यात घेऊन घरातली जुनी माणसे ज्या गोष्टी सांगत, त्यांत निम्म्या गोष्टी प्लेगच्याच असत, हे ज्यांच्या घरात अशी माणसे होती त्यांना ठाऊक आहे. तेव्हा वाचकांनी मला सांभाळून घ्यावे.

प्लेग मुंबईत प्रथम ओळखला तो डॉ. अकासियो व्हिएगस यांनी, १८९६ च्या सप्टेंबरात, मांडवीच्या वस्तीत. मांडवी म्हणजे धान्याची वखार. पोती, उंदीर आणि अंधाऱ्या खोल्या यांची तिथे रेलचेल होती. रोगाला कुणी गाठीचा ताप म्हणे, कुणी ग्रंथिक सन्निपात. ऑक्टोबरपासून माणसे शहर सोडू लागली आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दोन महिन्यांत तर रीघ लागली. साडेआठ लाखांच्या आतबाहेर वस्तीच्या त्या शहरातून फेब्रुवारी १८९७ पर्यंत पावणेचार-चार लाख माणूस निघून गेले, असा अंदाज त्या वेळच्या अधिकाऱ्यांनीच नोंदवला आहे. गिरण्यांना माणूस मिळेना. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून रोजच्या रोज पैसे देऊन कामगार लावण्याची पाळी मालकांवर आली. कोकणातला माणूस आगबोटीच्या धक्क्यावर गेला, देशावरचा बोरीबंदरला. पन्नासच वर्षांपूर्वी असे काही घडते तर माणसे बैलगाडीने आणि पायी गेली असती, आणि रोगही त्यांच्याबरोबर बैलाच्याच चालीने गेला असता. आता तो तिकीट काढून निघाला.

सरकारला हे फार लवकर उमगले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. कायदा अगदी आखूड, पण त्याच्या दुसऱ्याच कलमात आगगाडीने प्रवास करणाऱ्यांना तपासण्याचा आणि संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकार आला. युरोपातल्या राष्ट्रांनी त्याच सुमारास व्हेनिसला परिषद भरवली होती आणि हिंदुस्थानातला माल व माणसे आपल्या बंदरांत घ्यायची की नाहीत याचा खल चालला होता; इंग्रज सरकारला प्रजेच्या काळजीइतकीच व्यापाराचीही काळजी होती, असे म्हणण्यात मला काही अन्याय दिसत नाही. त्या साली मुंबईहून हजची यात्राही बंद झाली.

तपासणी कशी होई? ठरावीक स्टेशनांवर गाडी थांबवीत. पहिल्या वर्गाच्या उतारूला बहुधा जागेवरच पाहून सोडून देत. तिसऱ्या वर्गाला मात्र खाली उतरवून रांगेत उभे करीत, नाडी पाहत, अंगाचा ताप पाहत, काखा आणि जांघा चाचपून गाठ आहे का ते बघत. गाठोडी सोडून कपडे वाफेत नाही तर औषधी पाण्यात घालीत. आजवर परक्या पुरुषासमोर पदर न ढळलेल्या बायकांच्या वाट्याला फलाटावर हे आले. पुढे काही ठिकाणी पडदे आले, स्त्री डॉक्टरही आल्या; पण जी आठवण राहायची ती राहून गेली. मद्रास इलाख्यात तर याहून पुढची पायरी गाठली होती. प्लेगच्या गावाहून आलेल्या उतारूला एक परवाना मिळे, आणि पुढचे दहा दिवस त्याने मुक्कामाच्या गावी रोज अंमलदारापुढे जाऊन मी अजून धडधाकट आहे हे दाखवावे लागे. लोक त्याला प्लेगचा पासपोर्ट म्हणत. पुण्यात घरझडतीने काय झाले आणि २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी कशी झाडली गेली, ते शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. फलाटावरच्या रांगा मात्र इतिहासाच्या पुस्तकात क्वचितच येतात.

आमच्या घरातली गोष्ट त्या रांगेतलीच आहे. माझे पणजोबा गिरगावात एका चाळीत राहत आणि एका पेढीवर कारकुनी करीत. घरात चार माणसे: ते, पणजी, आठ वर्षांची माझी आजी आणि तिचा दोन वर्षांचा भाऊ. चाळीत उंदीर पडले तसे १८९७ च्या फेब्रुवारीत त्यांनी बिऱ्हाड मोडले आणि निफाडकडच्या आपल्या गावी जायला गाडी धरली. वाटेत तपासणी झाली. कोणते स्टेशन ते आजीला कधी नीट सांगता आले नाही; "तिथे चिंचेचे झाड होते" एवढेच ती म्हणे. मुलाचे अंग गरम लागले. गर्दीने, रडण्याने की खरोखरच्या तापाने, देव जाणे. त्याला ठेवून घ्यायचे ठरले. पणजोबा त्याच्याबरोबर उतरले, पणजीला आणि आजीला पुन्हा डब्यात बसवले आणि गाडी सुटली. खिडकीतून आजीने पाहिले तेव्हा भाऊ वडिलांच्या खांद्यावर होता आणि त्याच्या हातात तिने दिलेला लाकडी भोवरा होता.

तेराव्या दिवशी पणजोबा एकटेच चालत गावात आले.

या गोष्टीचा पुढचा भाग आजीने कधी सांगितला नाही आणि आम्हीही विचारला नाही. पण मला तिच्या मोजणीचे हसू येईनासे झाले ते तेव्हापासून.

मात्र एक गोष्ट या सगळ्यात मनाला चावा घेते, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. प्लेग माणसाच्या काखेतून पसरत नव्हता. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत प्रयोग करून दाखवले, की तो उंदरावरच्या पिसवांतून येतो. लोकांनी प्रथम त्याची थट्टाच केली. पुढे १९०५ पासून मुंबईत परळला प्लेग कमिशनने उंदीर आणि पिसवा यांवर कसून काम केले, तेव्हा ते सर्वमान्य झाले. म्हणजे ज्या दिवसांत फलाटावर माणसांच्या बगला चाचपल्या जात होत्या, त्याच दिवसांत शेजारच्या रुळावरून धान्याच्या पोत्यांनी भरलेल्या मालगाड्या जात होत्या, आणि पोत्यांतल्या उंदराला उतरवून त्याची नाडी कुणी पाहत नव्हते. डॉक्टरांना मी दोष देत नाही. जे ज्ञान नव्हते ते कुठून आणणार? मुंबईतच, भायखळ्याला, हाफकीन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली होती, हेही विसरता कामा नये. पुढे लस टोचल्याचा दाखला जवळ असला म्हणजे काही ठिकाणी अडवणूक कमी होई. औषधाचा कागद हाच प्रवासाचा कागद होण्याची ती सुरुवात.

आणि गाडीतून नव्हे, पाठीवरून झालेला एक प्रवास त्याच वर्षीचा आहे. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाई फुल्यांनी पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या दवाखान्यात नेले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

साथ एका वर्षात गेली नाही. ती दरसाल हिवाळा सरता सरता येई आणि पाऊस पडला की ओसरे. त्यामुळे प्रवासालाही एक नवे ऋतुमान आले. गावोगाव उंदीर पडला की लोक घरांना कुलपे लावून माळावर झोपड्या घालीत. गाव रानात गेले, असे म्हणण्याची पद्धतच पडली. मुंबईतली ऐपतदार माणसे साष्टीत, रेल्वेच्या कडेने, तात्पुरत्या झोपड्या बांधून राहत आणि पुरुषमंडळी सकाळच्या गाडीने कचेरीत जाऊन संध्याकाळी परत येत. वांद्र्याच्या गल्ल्यांत त्या काळचे प्लेगचे क्रूस अजून उभे आहेत. रोज गाडीने कामाला जाणे ही गोष्ट पूर्वीही होती, पण तिला संकटाने हात दिला असे मला वाटते. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती आठ लाख एकवीस हजार होती, ती १९०१ साली सात लाख शहात्तर हजारांवर आली. वाढत्या शहराने दहा वर्षांत मागे सरावे, ही साधी गोष्ट नव्हे.

मग १८९८ साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दाट वस्त्या पाडून समुद्राचा वारा आत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. पाडलेल्या घरांतली गरीब माणसे कुठे गेली, याची चौकशी रस्ते काढणाऱ्यांनी पुरेशी केली नाही. बहुतेक शेजारच्या तितक्याच दाट गल्लीत गेली. पण त्याच ट्रस्टने दादर, माटुंगा, शीव इकडची मोकळी जमीन आखली, आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत तिथे हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी उभ्या राहिल्या. घर एकीकडे आणि कचेरी दुसरीकडे, मधे गाडी, असे मुंबईकराचे आयुष्य दुभंगले ते इथे. १९०७ साली घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आली, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी धावली, १९२६ त बस आली. प्लेगमुळेच हे सारे झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्या गाड्यांत बसणारा माणूस शहराबाहेर राहायला गेला, त्यात प्लेगचा वाटा होता. माझे आजोबा ठाण्यात राहत आणि पास काढून बोरीबंदरला जात. "मोकळी हवा" हे त्यांचे कारण. आजीचे कारण तिने सांगायची गरज नव्हती.

१९१८ चा इन्फ्लुएंझा जूनमध्ये मुंबईच्या गोदीतून शिरला, तो गाडीनेच देशभर गेला आणि एका वर्षाच्या आत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे घेऊन गेला. पण त्या वेळी गाड्या कुणी थांबवल्या नाहीत. लढाई चालू होती. आजी त्या सालाबद्दल "घरात पाणी द्यायला माणूस उभा नव्हता" एवढेच म्हणे.

गाड्या थांबलेल्या पाहायचे माझ्या पिढीच्या नशिबी होते. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून मुंबईची लोकल बंद झाली. रोज पंचाहत्तर-ऐंशी लाख माणसे नेणारी लोकल! आमचे घर डोंबिवलीत रुळाच्या बाजूला आहे. गाडीचा आवाज कानावर पडत नाही म्हणून मला झोप येईना. मालगाड्या मात्र चालू होत्या. गावी निघालेली माणसे रुळांच्या कडेने चालत होती, आता गाडी येणार नाही अशा समजुतीने. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाडला रुळावर थकून निजलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. ती बातमी वाचली त्या दिवशी मला चिंचेचे झाड असलेले स्टेशन आठवले.

माझी मुलगी एका रुग्णालयात प्रयोगशाळेत काम करते. पहिले तीन महिने ती रुग्णालयाच्या गाडीने, कधी एस.टी.ने जाई, घरापासून चार-चार तास वाटेत जात. १५ जून २०२० पासून अत्यावश्यक कामावरच्या माणसांसाठी लोकल सुरू झाली, तेव्हा ओळखपत्र दाखवून ती पहिल्यांदा स्टेशनात शिरली. गाडीतून तिने फोन केला. "बाबा, खिडकी मिळाली," म्हणाली. डोंबिवलीला सकाळी खिडकी मिळणे म्हणजे लॉटरी लागणे. मग जरा थांबून म्हणाली, "डब्यात आम्ही सात जणी आहोत. मोजल्या." आजीला तिने पाहिलेले नाही. संध्याकाळी ती परत आली की दारातच कपडे बादलीत टाकी आणि सरळ न्हाणीघरात जाई. हे तिला कुणी शिकवले नव्हते.

आमच्या इमारतीत त्या वर्षी नऊ सायकली आल्या. आता त्यांतल्या सहा जिन्याखाली गंजत आहेत. काही मुले घरी बसून कचेरीचे काम करू लागली, त्यांतली दोघे अजून आठवड्यातून दोनच दिवस गाडी धरतात. सवयी कुठल्या टिकतात आणि कुठल्या जातात याचा काही नेम नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये लशीच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकलचा पास मिळू लागला. मी निवृत्त माणूस, मला जायचे कुठेच नव्हते; तरी दाखला घेऊन स्टेशनावरच्या खिडकीपुढे रांगेत उभा राहिलो. कागदावर शिक्का बसला, पास हातात आला आणि मी गाडीत जाऊन बसलो. बाकावर तिघांच्या मधे अंतर होते, एकाआड एक जागेवर फुलीचे कागद अर्धवट निघालेले होते. ठाण्याला माणसे चढली. पाठीवर पिशवी घेतलेला एक तरुण आमच्या बाकापाशी येऊन क्षणभर घुटमळला. चौथ्या जागेची ती जुनी मागणी करावी की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हते. मग तो तोंडावरच्या पट्टीआडून हळूच म्हणाला, "काका, जरा सरकता?"

मी शेजाऱ्याकडे पाहिले, शेजाऱ्याने खिडकीकडे पाहिले. आम्ही तिघेही सरकलो.