अलमराई म्हणजे कुरणं: मक्केतल्या दुधाची गोष्ट

गेल्या हिवाळ्यात अम्मीला घेऊन उमऱ्याला गेलो होतो. मक्केतल्या पहिल्याच सकाळी खोलीवर चहा करताना तिने दुधाची बाटली उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "कुठलं रे हे दूध? इथं तर गवताची काडी दिसत नाही." अम्मी खेडची. तिच्या लेखी दूध म्हणजे गोठा, आणि गोठा म्हणजे आसपास कुठेतरी हिरवं. मी इतिहासाचा अभ्यासक असूनही मला उत्तर देता आलं नाही. परत आल्यावर शोधत गेलो, त्यातून हा लेख झाला.

आधी थोडा भूगोल. मक्का आणि नागपूर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, दोन्ही कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. म्हणजे नकाशाच्या हिशेबाने मक्का उष्ण कटिबंधातच येते, फक्त तिथे मान्सून पोचत नाही. उघड्या खडकाळ डोंगरांमधलं हे खोरं. कुराणात इब्राहिमांच्या प्रार्थनेतही त्याचं वर्णन पीक न येणारं खोरं असंच येतं. अशा जागी शहर टिकलं ते व्यापारावर आणि यात्रेकरूंवर. धान्य बाहेरून यायचं. इजिप्तचा गहू यायचा, आणि गुजरात-कच्छचा तांदूळही जहाजांनी जिद्दा बंदरात उतरायचा.

पण दूध जहाजातून येत नाही. १८१४ मध्ये योहान लुडविग बर्कहार्ट हा स्विस प्रवासी हिजाझमध्ये आला. हा माणूस बाजारातली दुकानं अक्षरशः मोजायचा. जिद्द्यात त्याला लोणी-तूप विकणारी २१ दुकानं सापडली, आणि आंबट दूध विकणारी फक्त दोन. मेंढपाळांच्या देशात दुधाची टंचाई कशी, हा प्रश्न त्यालाही पडला होता. त्याचं उत्तर सरळ होतं: जिद्दा आणि मक्केच्या आसपासची जमीन इतकी नापीक की नुसत्या दुधासाठी जनावर पोसणं कोणाला परवडत नाही. दूध वजनावर विकलं जायचं, महाग असायचं आणि तेही ओळख असेल तर मिळायचं.

मग २१ दुकानांत तूप कुठून? ते यायचं तांबड्या समुद्रापलीकडून, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या सुआकिन आणि मसावा या बंदरांतून. दूध दुपारपर्यंत नासतं, तूप मात्र समुद्र ओलांडून येतं. सकाळी कॉफीच्या आधी कपभर वितळलेलं तूप पिण्याची तिथली रीतही बर्कहार्टने नोंदवली आहे.

दूध हवं असेल तर डोंगर चढावा लागायचा. मक्केच्या पूर्वेला सरवात पर्वताची भिंत उभी आहे. वर सुमारे १,८०० मीटरवर तायफ, आणि त्याच्याही वर अल-शफा. पैगंबर मुहम्मदांच्या बालपणाची गोष्ट अनेकांना माहीत असेल. बनू साद टोळीच्या हलीमा त्यांना दूध पाजण्यासाठी आपल्या मुलखात घेऊन गेल्या. परंपरेने हा मुलूख तायफच्या बाजूचा मानला जातो. मक्केतली घरं तान्ही मुलं टोळ्यांकडे का पाठवायची, याची नेहमीची कारणं म्हणजे मोकळी हवा आणि शुद्ध अरबी. मला त्यात दुधाचा हिशेबही दिसतो. सीरेतल्या कथेची सुरुवातच दुष्काळाने होते. हलीमांची उंटीण आटलेली असते, आणि बाळ आल्यावर तिला पुन्हा दूध येतं. डोंगरातलं दूध शहरात नेता येत नव्हतं, म्हणून शहराची बाळं दुधाकडे जायची.

अम्मीला घेऊन मीही अल-शफाला गेलो. घाटातली वळणं संपता संपता हवा गार झाली आणि तिने शाल काढली. दगडी बांधांच्या टप्प्याटप्प्याच्या शेतात एका म्हाताऱ्या गृहस्थांचा गोठा होता: शेळ्या, मेंढ्या, चार गाई. माझ्या मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं तेव्हा त्यांनी समोरचा उघडा उतार दाखवला. वडिलांच्या काळी तिथे अमुक महिन्याच्या आधी जनावर घालायची कोणाची हिंमत नव्हती, म्हणाले. आता चारा ट्रकमधून येतो. निघताना त्यांनी घरच्या 'सम्न'ची बरणी उघडून दिली. अम्मीने वास घेतला आणि मराठीत पुटपुटली, "तूप आहे, पण बोकडाचा वास येतोय." तरी बरणी घेतलीच.

त्या उताराला अरबीत 'हिमा' म्हणतात, राखीव कुरण. काही हिमांत चराई बंद, पण गवत कापून न्यायला परवानगी. काहींत ठराविक मोसमातच जनावरं सोडायची. आपल्याकडच्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. हिवरे बाजारने केलेली चराईबंदी याच तत्त्वावर चालते: गवत वाढू द्या, मग कापून न्या. हिमाची पद्धत इस्लामच्याही आधीची. पूर्वी सरदार ती स्वतःसाठी राखायचे. पैगंबरांच्या काळात सार्वजनिक हितासाठी राखण्याचं तत्त्व आलं. १९५३ मध्ये शाही फर्मानाने टोळ्यांचा हा हक्क संपला आणि कुरणं सर्वांना खुली झाली. हेतू समतेचा असेल. पण जे सगळ्यांचं झालं त्याची राखण करणारं कोणी उरलं नाही. ट्रक आले, पाण्याचे टँकर आले, कळप वाढले आणि बहुतेक हिमा उजाड झाल्या.

शहरात तोवर डब्यातलं दूध आलं होतं. कोकणातल्या ज्या घरांतून कोणी आखातात गेलं, त्या घरांना निडोचे डबे आठवत असतील. रिकाम्या डब्यांत डाळ भरलेली असायची. मग तेलाचा पैसा आला. १९७७ मध्ये अलमराई सुरू झाली. नावाचा अर्थच कुरणं. रियाधजवळच्या अल-खर्ज भागात हजारो होल्स्टिन गाई छपराखाली, पाण्याच्या फवाऱ्यात उभ्या राहिल्या. अम्मीच्या हातातली बाटली बहुधा तिथूनच, सुमारे ९०० किलोमीटरवरून आलेली. डोंगराची गरज संपली, कारण गाईसाठी डोंगराची हवा यंत्राने तयार करता येते.

चारा मात्र यंत्राने तयार होत नाही. वाळवंटात लसूणघास पिकवायला पुन्हा न भरणारं भूजल उपसलं गेलं. शेवटी सरकारलाच हिरव्या चाऱ्याची लागवड आवरावी लागली, आणि अलमराईने चारा बाहेरून आणायचं ठरवलं. २०१४ मध्ये तिच्या उपकंपनीने अमेरिकेत ॲरिझोनात जमीन घेतली होती. तिथेही वाळवंटच, तिथेही भूजलच. गावकऱ्यांच्या विहिरींवरून वाद पेटला आणि २०२३ मध्ये राज्याने सरकारी जमिनीचे काही भाडेकरार संपवले. तुमच्यापैकी कोणी फिनिक्सला राहत असेल, तर ही शेतं तुमच्यापासून दोनेक तासांवर आहेत.

हे सगळं मी अम्मीला फोनवर सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे पाणी अमेरिकेचं, घास अमेरिकेचा. मग दूध तेवढं इथलं कसं?"

तायफच्या त्या म्हाताऱ्याच्या वडिलांना हा प्रश्न पडला नसता. त्यांना आपल्या उतारावर किती जनावरं पोसतील हे माहीत होतं, आणि त्याहून जास्त दूध मागायची त्यांची सवय नव्हती. आपली आहे.